बदल येतोय? जमेल का याचा विचार थांबवा, थोडं करून बघा

ऑफिसात नवीन सिस्टीम येणार आहे, बदलीची ऑर्डर हातात पडलीय, कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतलीय, लेकीच्या शिक्षणासाठी पुण्याला बिऱ्हाड हलवायचंय, नाहीतर पुढच्या वर्षी रिटायरमेंट आहे. यातलं काहीही असू दे, पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, "मला जमेल का हो?" मी कोल्हापूरकडे एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते, आमच्याकडे कायदा, फॉर्म, सॉफ्टवेअर काही ना काही सतत बदलत असतं, त्यामुळे हा प्रश्न मी खूप जणांकडून ऐकलाय आणि आता माझं मत ठाम झालंय की "जमेल का" याचं उत्तर विचार करून मिळतच नाही, थोडंसं करून बघितलं की मिळतं. त्यामुळे इथे जे लिहितेय ते बहुतेक सगळं करायच्या गोष्टींबद्दल आहे.

याच्यामागे अभ्यासही आहे. अल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकवायचे. त्यांनी 1977 मध्ये मांडलं की "हे मला जमेल" हा विश्वास माणसाला चार ठिकाणांहून मिळतो. सगळ्यात पक्का मिळतो तो स्वतः करून जमलं की. दुसरं, आपल्यासारख्याच कुणालातरी ते जमताना बघितलं की. तिसरं, विश्वासातल्या माणसाने धीर दिला की. आणि चौथं, त्या वेळी आपल्या शरीराला काय वाटतंय त्यावरून. बदल आला की आपण नेमकं तिसरं धरून बसतो, मोटिव्हेशनल व्हिडिओ बघतो, सुविचार फॉरवर्ड करतो, मैत्रिणीला फोन करतो आणि ती म्हणते "अगं तू करशील गं". बरं वाटतं, नाही असं नाही, पण सोमवारी सकाळी नवीन स्क्रीनसमोर बसलं की ते सगळं उडून जातं. पहिल्या नंबरचं जे आहे, स्वतः करून बघणं, तिकडेच सगळा जोर लावायचा.

आधी कागद घ्या

एका बाजूला काय बदलतंय ते लिहा, दुसऱ्या बाजूला काय तसंच राहतंय ते. अगदी साधं वाटेल, पण बहुतेक लोक हे करतच नाहीत आणि मग डोक्यात "सगळंच बदललं" एवढंच फिरत राहतं.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हाचं सांगते. एक्साइज गेलं, सर्व्हिस टॅक्स गेला, व्हॅट गेला, मुंबईची जकात गेली, प्रत्येक मालाला एचएसएन कोड (मालाचा प्रकार सांगणारा नंबर), रिटर्न म्हणजे सरकारला द्यायचा टॅक्सचा हिशेब नवीन, फॉर्म नवीन, बिलाचा फॉरमॅटसुद्धा नवीन. आमच्याकडे एक काका होते, पन्नाशी ओलांडलेले, व्हॅटचं रजिस्टर त्यांच्या हातचं असायचं, लाल शाईने बेरजा, एक खाडाखोड नाही. ते सरळ म्हणाले, "मॅडम, माझं काम संपलं आता, पोरांना द्या." मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघांनी बसून यादी केली. बदललं काय, तर फॉर्म, दर, तारखा आणि पोर्टल. तसंच काय राहिलं, तर डेबिट-क्रेडिट तेच, स्टॉक तोच, बँक रिकन्सिलिएशन (आपला हिशेब बँकेच्या हिशेबाशी जुळवणं) तेच, पार्ट्या म्हणजे ज्यांच्याशी खरेदी-विक्री चालते ती माणसं तीच, आणि कोणती पार्टी बिल वेळेत पाठवते, कोणती महिनाभर "पाठवतो पाठवतो" करते हे काकांना तोंडपाठ होतं तेही तसंच. दुसरी बाजू पहिलीपेक्षा लांब निघाली.

आणि पुढे काय झालं ते बघा. जीएसटीत आपल्याला खरेदीवरचं टॅक्स क्रेडिट (खरेदीत दिलेला टॅक्स आपल्या टॅक्समधून वजा होतो तो) मिळायचं असेल तर विकणाऱ्याने त्याचं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलेलं असावं लागतं. 2020 मध्ये जीएसटीआर-2बी नावाचं स्टेटमेंट सुरू झालं, त्यात विकणाऱ्यांनी दाखवलेली बिलं आपल्याला दिसतात, आणि 2022 पासून तर जे बिल त्यात दिसत नाही त्याचं क्रेडिट घेताच येत नाही. म्हणजे कोणती पार्टी चालढकल करते हे ओळखणारा माणूस एकदम सोन्याच्या किमतीचा झाला, कारण आता दुसऱ्याच्या उशिरामुळे आपले पैसे अडकायला लागले होते. काका महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच ठरावीक लोकांना फोन लावायचे, "अहो शेठ, बिल टाकलं का जीएसटीआर-1 मध्ये?" (म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये). हे काम कुठल्याच पोराला जमण्यासारखं नव्हतं, कारण शेठ कुणाचा फोन उचलतात आणि कुणाचा नाही हेही त्यात होतं. जुनं ज्ञान वाया जातं असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा त्याला फक्त नवीन जागा शोधून द्यायची असते, आणि ती जागा कागदावर लिहिल्याशिवाय दिसत नाही.

काय जातंय ते मान्य करा

दुसरं काम जरा जड आहे. बदलात काहीतरी जातंच, आणि ते जातंय म्हणून वाईट वाटतं, त्याची लाज वाटून घ्यायची नाही. डॅनियल काह्नमन आणि अमोस ट्वेर्स्की या दोघांनी 1979 मध्ये दाखवून दिलं की माणसाला जेवढं मिळाल्याचा आनंद होतो त्यापेक्षा तेवढंच गेल्याचं दुःख जास्त होतं. हजार रुपये सापडले तर संध्याकाळपर्यंत विसरतो, हजार हरवले तर आठवडाभर बोलत राहतो. बदलाचंही असंच होतं, नवीन जागी पगार चार हजार जास्त असेल पण जुन्या ऑफिसातला आपला टेबल, डबा खायला बसणारा ग्रुप, "विचारा यांना, यांना माहिती असतं" असा असलेला मान, हे जातंय ते मोठं दिसतं.

म्हणून जाणाऱ्या गोष्टींची नावं लिहा, गोल गोल नको. "मला बदल नको" असं नको, "संध्याकाळी साडेसहाला घरी पोचते ते आता आठ होणार" असं लिहा. असं लिहिलं की त्यातल्या काही गोष्टींवर उपाय निघतो (निघायची वेळ अर्धा तास आधी मागता येते, निदान विचारता तरी येतं), काही गोष्टी खरंच जातात आणि त्यांच्यासाठी थोडं रडू आलं तरी चालतं, आणि काही बाबतीत लक्षात येतं की ही तक्रार बरोबर आहे, ही वर मांडायलाच हवी. बदल स्वीकारायचा म्हणजे जे येईल त्याला मान डोलवायची असं अजिबात नाही. कामाचे तास वाढत असतील, पगाराची रचना बदलत असेल, बदलीच्या गावी राहायची सोय नसेल, तर विचारा, आणि मेलवर विचारा, तोंडी नको. घाबरत नाही म्हणजे गप्प बसतो असं नसतं.

पायऱ्या पाडा, आणि खूप छोट्या पाडा

बांडुरांनी सापाला भयंकर घाबरणाऱ्या लोकांबरोबर काम केलं होतं. अशी माणसं की ज्यांनी सापाच्या भीतीने बागेत जाणं सोडलेलं. त्यांना कुणी "घाबरू नका" असं भाषण दिलं नाही. आधी दुसरा माणूस साप हाताळतोय हे काचेतून बघायचं, मग खोलीच्या दारात उभं राहायचं, मग थोडं जवळ, मग हातमोजे घालून स्पर्श, मग उघड्या हाताने. प्रत्येक पायरीवर कुणीतरी सोबत. आणि ज्या लोकांची वर्षानुवर्षांची भीती होती ती माणसं शेवटी साप हातात धरत होती. यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की भीती जायची वाट कुणी बघितली नाही, भीती असतानाच पुढची पायरी घेतली.

आता हे आपल्या कामात कसं आणायचं. समजा ऑफिसात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर सोडून मोठं ईआरपी (सगळ्या खात्यांचं काम एकत्र बघणारं सॉफ्टवेअर) येतंय. पहिले दोन-तीन दिवस नुसतं बघायचं, मेनू उघडायचे, बंद करायचे, काही एंटर करायचं नाही. मग कुणीतरी एंट्री करताना शेजारी खुर्ची घेऊन बसायचं आणि स्वतःच्या हाताने वहीत स्टेप लिहायच्या (मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले तर ते परत कुणी बघत नाही हे मी खात्रीने सांगते). मग टेस्ट कंपनीत (सॉफ्टवेअरमध्ये सरावापुरती उघडलेल्या कंपनीत) एक खरेदीचं बिल. मग एक परतीचं बिल, कारण गोंधळ नेहमी परतीच्या बिलातच होतो. मग एका दिवसाचं सगळं काम. उलट ज्यांना टॅलीच नवीन आहे त्यांच्यासाठी, टॅलीचा एज्युकेशनल मोड लायसन्सशिवाय चालतो, तो महिन्यातल्या मोजक्याच तारखा घेतो पण सरावाला तेवढं भरपूर झालं.

आणि आमच्या धंद्यातली एक युक्ती सगळ्यांनी उचलावी अशी आहे, तिला पॅरलल रन म्हणतात. म्हणजे जुनी सिस्टीम बंद न करता नवीनही चालवायची आणि दोन्हीकडची उत्तरं जुळतात का बघायचं. सरावाला नेहमी मागच्या महिन्याचा डेटा घ्या, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहितीय, कारण मग चुकलं तर लगेच कळतं आणि जुळलं की जो आनंद होतो ना, ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या डेबिट-क्रेडिटच्या बेरजा) पैशापर्यंत जुळल्यावर होतो तो, त्याने पुढच्या चार पायऱ्या आपोआप चढल्या जातात.

हीच गोष्ट घरच्या बदलांनाही लागू होते आणि तिथे लोक ती मुळीच वापरत नाहीत. रिटायरमेंटला दोन वर्षं आहेत? मग आत्ताच सहा महिने असं राहून बघा की पेन्शन किंवा व्याज जेवढं येणार आहे तेवढ्यातच घर चालवायचं आणि उरलेला पगार बाजूला टाकायचा. कुठे ओढाताण होते ते आजच कळेल, आणि तेव्हा दुरुस्त करायला हातात पगार असेल. दुसऱ्या शहरात जायचंय? नुसतं फ्लॅट बघून येऊ नका, एक आठवडा तिथे भाड्याने राहा आणि सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला त्या रस्त्याने जाऊन बघा. रविवारी दुपारी बघितलेलं हिंजवडी आणि सोमवारी सकाळचं हिंजवडी यात काय फरक आहे हे तिथे राहणाऱ्यांना विचारा. धंदा सुरू करायचाय? नोकरी असतानाच दहा गिऱ्हाईकं करा, मग राजीनाम्याचं बघू.

आपल्यासारखं माणूस शोधा

बावीस वर्षांचा मुलगा भराभर कीबोर्ड बडवतोय हे बघून पन्नाशीच्या माणसाचा धीर वाढत नाही, उलट जातो. आपल्या वयाचं, आपल्यासारखंच मराठी मीडियममधून आलेलं, आपल्याइतकंच अडखळणारं कुणीतरी शोधा ज्याला ते जमलंय. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स 2001 मध्ये सुरू झाला तेव्हा सरकारी नोकरीतले कितीतरी लोक चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा माउस धरायला शिकले, तलाठी, ग्रामसेवक, शाळेतले क्लार्क. तुमच्या घरात, गल्लीत असं एखादं माणूस नक्की असणार. त्यांना जाऊन विचारा की सुरुवातीला सगळ्यात अवघड काय गेलं, आणि कशाने सोपं झालं. "कसं केलंत" असं विचारलं की लोक मोठं भाषण देतात, "अवघड काय गेलं" विचारलं की खरं सांगतात.

शिकवणारा मात्र तरुण असेल तर असू दे. आमचे काका ट्रेनी पोराला रोज म्हणायचे, "बाळा, परत एकदा दाखव, पण माउस माझ्या हातात दे." हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. शिकवणाऱ्याने स्वतः क्लिक करून दाखवलं तर त्याचा सराव होतो, तुमचा नाही.

धडधडतंय तर धडधडू द्या

पहिल्या दिवशी छाती धडधडते, पोटात गोळा येतो, हात थंड पडतात, आणि आपण त्याचा अर्थ लावतो की मला जमणार नाही. बांडुरांचा चौथा मुद्दा हाच होता की शरीराच्या लक्षणांवरून माणूस आपल्याला जमेल की नाही ते ठरवतो, आणि ते वाचणं चुकूही शकतं. परीक्षेला पोहोचलेल्या हुशार मुलाचीही छाती धडधडतेच. त्यामुळे मोठ्या बदलाच्या काळात झोप सांभाळा, चहा थोडा कमी करा, आणि एक तरी गोष्ट मुद्दाम जशीच्या तशी ठेवा. मी संध्याकाळची रंकाळ्याची फेरी कधी सोडत नाही. तुमचं काही वेगळं असेल, सकाळची पूजा, रात्री पोराला गोष्ट सांगणं, काहीही, पण ऑफिस बदलतंय त्याच महिन्यात घरही बदलायचं आणि डाएटही सुरू करायचं असं करू नका.

वेळ किती द्यायचा तर लंडनला एक अभ्यास झाला होता, फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, त्यात एखादी नवीन साधी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, पण कुणाला 18 दिवसांत जमेल असं दिसलं तर कुणाला 254 लागतील असं. एवढा फरक. तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई आठवड्यात शिकली म्हणून स्वतःला कमी लेखू नका. एक तिमाही धरा. आणि दर शुक्रवारी एकच आकडा लिहून ठेवा, एखादं ठरावीक काम करायला किती वेळ लागला. आपण सुधारतोय हे रोजच्या रोज जाणवत नाही, आकड्यात लगेच दिसतं.

पैशाची बाजू, हिच्याशिवाय बाकी सगळं पोकळ आहे

अकाउंट्सवाली असल्यामुळे म्हणत असेन, पण हातात चार-सहा महिन्यांचा खर्च असेल तर माणूस बदलाकडे वेगळ्या नजरेने बघतो. नोकरी बदलताय किंवा सुटतेय तर एवढं बघा.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. 2014 पासून यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आहे, नोकरी बदलली तरी नंबर एकच राहतो. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर टॅक्स लागू शकतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सर्व्हिस लागते ती मध्येच पैसे काढून तोडली तर नुकसान आपलंच. कायमच्या नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) पाच वर्षं मोजली जातात, तर साडेचार वर्षं झाली असतील तर राजीनाम्याची तारीख टाकायच्या आधी कॅलेंडर काढून बसा. रिलीव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर, फॉर्म 16, फुल अँड फायनलचा हिशेब, हे सगळं निघायच्या आधी कागदावर मागा, नंतर फोन उचलले जात नाहीत.

आणि मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, आणि नवीन पॉलिसीत जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं. आई-बाबांची शुगर, बीपी असेल तर हे किती महाग पडेल ते सांगायला नको. स्वतःची वेगळी पॉलिसी नोकरी असतानाच घ्या. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटीही निघालाय.

आणि हे सगळं घरी सांगा, म्हणजे नवऱ्याला किंवा बायकोला तर सांगाच, पण सासू-सासऱ्यांना, कळत्या मुलांनाही सांगा. "त्यांना कशाला टेन्शन" म्हणून लपवतात आणि मग घरात सगळ्यांना काहीतरी बिनसलंय एवढंच कळतं.

लादलेला बदल

काही बदल आपण निवडत नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार, आणि त्यातले कितीतरी परत कधीच गिरणीत गेले नाहीत. लालबाग-परळच्या घरांमध्ये काय झालं असेल त्याची कल्पना करवत नाही. त्या माणसांमध्ये हिंमत कमी होती असं कुणी म्हणू नये, बदल त्यांच्यावर कोसळला आणि खाली धरायला काही नव्हतं. म्हणून कुणाची नोकरी गेली असेल तर त्याला "संधी समज" असं पहिल्याच दिवशी सांगू नका. डबा पाठवा, मुलांच्या फीची तारीख विचारा, ओळखीत जागा असेल तर त्याचा बायोडाटा स्वतः फॉरवर्ड करा. आणि स्वतःवरच वेळ आली असेल, झोप लागत नाही, जेवण जात नाही, सगळं संपलं असं वाटतंय, तर 14416 वर फोन करा, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 2022 पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हे पायऱ्या पाडायच्या आधीचं काम आहे.

मागे फिरायचं कधी हेही आधीच ठरवा

हे जवळजवळ कुणीच करत नाही. नवीन जागी जायच्या आधीच, डोकं शांत असताना, लिहून ठेवा की कोणत्या परिस्थितीत मी मागे फिरेन किंवा दुसरं शोधेन. उदाहरणार्थ, "एका तिमाहीनंतरही आठवड्यातले चार दिवस नऊच्या पुढे घरी येत असेन तर", "आईची तब्येत या हवेत बिघडली तर", "सांगितलेला पगार आणि हातात येणारा पगार वेगळा निघाला तर". तीन-चार अटी पुरतात. मग अधल्यामधल्या वाईट दिवशी, जे येणारच, रोज उठून "सोडू का राहू" हा प्रश्न सोडवत बसावं लागत नाही, त्यातली अट पुरी झालीय का एवढंच बघायचं. झाली नसेल तर उद्या परत कामावर. झाली असेल तर तो कागद घेऊन अशा माणसासमोर बसा जो तुम्हाला तोंडावर खरं बोलतो, आणि आकडे, तारखा दाखवून विचारा. परत जुन्या कंपनीत जाणं, परत गावाकडे येणं, यात काही कमीपणा नाही, फक्त ते घाबरून पळत नको, हिशेब करून हवं, आणि त्यासाठी जुन्या ऑफिसातून निघताना सगळ्यांशी नीट बोलून, हँडओव्हर व्यवस्थित देऊन निघा.